‘आपण’ आणि ‘आम्ही’ : इजिप्तमधील २०११ चा उठाव व समाजमाध्यमांची भाषा

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रिया येथे खालिद सईद या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला साध्या वेषातील दोन पोलिसांनी एका इंटरनेट-कॅफेत धरले आणि बाहेर ओढून इतके मारले की त्यातच त्याचा अंत झाला. अमली पदार्थाची पुडी गिळल्याने श्वास कोंडून तो मेला, असा खुलासा सरकारने केला. परंतु शवागारात घेतलेले त्याच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्याचे छायाचित्र तोवर हातोहाती सर्वत्र गेले होते. पोलिसांच्या हातून असे मृत्यू त्या देशात पूर्वीही झाले होते, आणि १९८१ पासून अखंड चालू असलेल्या आणीबाणीच्या कायद्याखाली ते दडपून टाकणे अवघडही नव्हते. हा मृत्यू मात्र दडपला गेला नाही. त्याचे श्रेय फेसबुकला देण्याची रीत पडली आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. माध्यम होते म्हणून लोक एकत्र आले, एवढेच म्हटल्याने ते कोणत्या शब्दांभोवती एकत्र आले आणि कोण त्या शब्दांच्या बाहेर राहिले, हे कळत नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे त्या बाजूने या घटनेकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

खालिदच्या मृत्यूनंतर फेसबुकवर त्याच्या नावाने एकाहून अधिक पाने निघाली. त्यांपैकी एकाचे नाव ‘माझे नाव खालिद मुहम्मद सईद’ असे होते. त्याची भाषा उघड संघर्षाची होती. दुसरे पान गूगल कंपनीत काम करणाऱ्या व त्या वेळी दुबईत राहणाऱ्या वाएल घोनीम या इजिप्शियन तरुणाने आपले नाव गुप्त ठेवून काढले. त्याचे नाव ‘कुल्लिना खालिद सईद’. पहिले पान आधीचे असूनही लोक लोटले ते दुसऱ्याकडे. घोनीमने पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, प्रमाण अरबी त्याने बुद्ध्याच टाळली आणि इजिप्तच्या बोलीत, प्रथमपुरुषी, जणू खालिदच बोलत आहे अशा रीतीने मजकूर लिहिला.

या निवडीचे महत्त्व कळण्यासाठी अरबीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली ज्या भाषास्थितीचे शास्त्रीय वर्णन केले, तिचे ठळक उदाहरण म्हणजे अरबी होय. एकाच समाजात दोन भाषारूपे नांदतात : ‘फुस्हा’ ही ग्रंथांची, प्रवचनाची व शासनाची, आणि ‘आम्मिया’ ही घरातली, बाजारातली. आपल्याकडील प्रमाण मराठी आणि बोली यांच्या नात्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. पण फरक मोठा आहे. प्रमाण मराठी पुष्कळ घरांत बोलली जाते, फुस्हा मात्र कोणाचीच मातृभाषा नाही. ती शाळेत शिकावी लागते. साहजिकच तिच्यात बोलणारा माणूस नेहमी थोडा उंचावरून बोलतो. राष्ट्राध्यक्षाने तीत बोलावे हे योग्यच समजले जाते. ठार झालेल्या मुलाने तीत बोलावे हे मात्र विपरीत वाटले असते.

अर्थात छापील आम्मिया ही काही एकविसाव्या शतकाची नवलाई नव्हे. याकूब सनू यांनी १८७७ साली कैरोत ‘अबू नद्दारा’ हे विनोदी पत्र काढले ते बोलीतच; खेदिवाची थट्टा केल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला, आणि मग ते पत्र पॅरिसमध्ये छापून चोरट्या वाटेने इजिप्तमध्ये येऊ लागले. १८८१ मध्ये, उराबी पाशांच्या उठावाच्या वेळी, अब्दुल्ला नदीम यांनीही आपल्या पत्रात बोलीला मोकळी जागा दिली. एक जण मोठ्याने वाचतो आणि कॉफीगृहातले दहा जण ऐकतात, अशी या पत्रांची वाचनरीती होती. तथापि तेथे लिहिणारा एक आणि ऐकणारे अनेक असत. ऐकणाऱ्यानेच त्याच पानावर, आपल्याच बोलीत उलट उत्तर लिहावे आणि ते हजारोंनी वाचावे, ही गोष्ट मात्र खरोखर नवी होती.

‘कुल्लिना’ या शब्दाचे मराठी भाषांतर करताना एक अडचण येते आणि तीच या विवेचनाचा गाभा आहे. अरबीतील ‘ना’ या प्रत्ययाचा अर्थ ‘आम्ही’ असाही होतो आणि ‘आपण’ असाही. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे ठरवल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. (हा भेद मराठीत द्राविड भाषांच्या सहवासाने आला असे अनेक अभ्यासक मानतात.) ‘आम्ही सारे खालिद सईद’ म्हटले की ती एका गटाची घोषणा होते, ‘आपण सारे खालिद सईद’ म्हटले की वाचणारा त्यात ओढला जातो. ‘माझे नाव खालिद’ या शीर्षकात वाचकाला स्थान नव्हते. घोनीमच्या पानाने जो परिणाम साधला तो ‘आपण’चा : उद्या हे माझ्यावर येऊ शकते. खालिद कोणत्याही पक्षाचा वा धर्मसंघटनेचा कार्यकर्ता नव्हता, मध्यमवर्गातला एक साधा मुलगा होता, ही गोष्ट त्या ‘आपण’ला पोषकच ठरली. त्याच जून महिन्यात अलेक्झांड्रियाच्या सागरकिनारी काळे कपडे घातलेले तरुण-तरुणी समुद्राकडे तोंड करून, एकमेकांपासून काही पावले दूर, निःशब्द उभे राहिले. कोणी कुराण वाचत होते, कोणी बायबल. अंतर राखण्याचे कारण असे की, जमावबंदीच्या कलमात ते सापडू नयेत. घोषणा नाही, फलक नाही, आणि तरीही सर्व मिळून एकच वाक्य.

परंतु ‘आपण’ हा शब्द उच्चारल्याने त्याची व्याप्ती सिद्ध होत नाही. २०११ च्या आरंभी इजिप्तमध्ये इंटरनेट वापरणारे लोक सुमारे एकचतुर्थांश होते. बाकीच्यांपर्यंत हा शब्द कसा पोचला? येथे महल्ला अल्-कुब्राच्या गिरणी-कामगारांची आठवण ठेवली पाहिजे. डिसेंबर २००६ मध्ये तेथील वीस हजारांहून अधिक कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्यापाशी फेसबुक नव्हते. ६ एप्रिल २००८ च्या त्यांच्या नियोजित संपाला पाठिंबा म्हणून अहमद माहेर व इस्रा अब्देल फत्ताह यांनी फेसबुकवर गट स्थापन केला व त्यात सुमारे सत्तर हजार लोक सामील झाले. त्या वेळी फेसबुकची अरबी आवृत्तीही निघालेली नव्हती. ती मार्च २००९ मध्ये आली. ६ एप्रिलला पोलिसांनी संप मोडला, पण पगार आणि भाकरी यांसाठी महल्ला शहर पेटले. पुढच्या महिन्यात, मुबारक यांच्या वाढदिवशी, त्याच माध्यमातून पुन्हा हाक देण्यात आली. ती मात्र वाया गेली. माध्यम तेच होते, गिरणी नव्हती.

२५ जानेवारी २०११ च्या निदर्शनांच्या संयोजकांनी हा धडा घेतला होता असे दिसते. दिवसाची निवड मार्मिक होती. १९५२ साली याच तारखेला इस्माइलिया येथे इजिप्शियन पोलिसांनी ब्रिटिश फौजेपुढे शस्त्रे ठेवण्यास नकार देऊन प्राण दिले होते, आणि तो ‘पोलीस दिन’ म्हणून पाळला जात असे. ट्युनिशियाचा राष्ट्राध्यक्ष बेन अली १४ जानेवारीला पळून गेला होता, त्यामुळे हाकेला बळ आले. निदर्शनाची ठिकाणे समाजमाध्यमांवर जाहीर झाली. परंतु एक ठिकाण मुद्दाम जाहीर केले नाही. बूलाक अल्-दक्रूर या गरीब, अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत कार्यकर्ते पायी फिरले व पत्रके वाटली, आणि तेथून निघालेला जमाव पोलिसांना चुकवून तहरीर चौकापर्यंत गेला. २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सरकारने इंटरनेट जवळजवळ संपूर्ण बंद केले; मोबाइल दूरध्वनीसेवाही तोडली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, त्याआधीच्या सर्व दिवसांहून मोठे जमाव रस्त्यावर आले. घरात बसून बातमी कळेना, तेव्हा माणसे बातमीसाठी बाहेर पडली, असेही याचे एक कारण सांगतात. ते खरे असेल तर यंत्र बंद पडल्यावरच ‘आपण’ची व्याप्ती सर्वांत अधिक वाढली, असे म्हणावे लागते.

चौकातील भाषा पुन्हा निराळी होती. ‘जनतेला ही राजवट पाडायची आहे’ या अर्थाची मुख्य घोषणा शुद्ध फुस्हात होती. म्हणूनच ट्युनिसहून कैरोला आणि पुढे दमास्कसपर्यंत ती जशीच्या तशी जाऊ शकली. मुबारक यांना उद्देशून ‘इर्हल’, म्हणजे ‘प्रस्थान करा’, हाही ग्रंथिक शब्द. पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘इर्हल म्हणजे इमशी, चालता हो, समजत नाही का तुला?’ अशा आशयाची जोड त्यांनी बोलीत दिली. फुस्हात भाषणे करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला प्रजेने शब्दार्थ सांगावा, यात केवळ विनोद नाही. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, याचीच येथे अदलाबदल झाली आहे. बेन अलीने १३ जानेवारीला आपल्या अखेरच्या भाषणात फुस्हा सोडून प्रथमच ट्युनिशियाच्या बोलीत ‘मला तुमचे म्हणणे समजले’ असे सांगितले होते. त्याला फार उशीर झाला होता. मुबारक यांनी ११ फेब्रुवारीला पद सोडले. त्याआधीच्या दिवसांत महल्लासह अनेक ठिकाणचे कामगार संपावर गेले होते, हेही विसरता येत नाही.

यानंतरचा भाग अभ्यासकांनी फार घाईने ओलांडला आहे असे मला वाटते. १९ मार्च २०११ रोजी संविधानदुरुस्तीवर सार्वमत झाले. समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या तरुण गटांचा कौल स्पष्टपणे ‘नाही’ असा होता. प्रत्यक्षात ७७ टक्के मते ‘होय’च्या बाजूने पडली. ती चौकात न आलेल्यांची होती आणि चौकात आलेल्या पुष्कळांचीही. मुस्लिम ब्रदरहूडने मशिदींतून, दवाखान्यांतून, गल्लीगल्लीतून अनेक वर्षे जोडलेली माणसे येथे उपयोगी पडली. जानेवारीत ‘आपण’ वाटलेला शब्द मार्चमध्ये मोजला तेव्हा ‘आम्ही’ निघाला. अरबी व्याकरणात हे अंतर दिसत नाही, मतपेटीत दिसले. पुढील संसदेत इस्लामवादी पक्षांना सुमारे सत्तर टक्के जागा मिळाल्या. घोनीम यांनी स्वतः नंतर कबूल केले की, समाजाला मुक्त करण्यास इंटरनेट पुरेसे आहे हे त्यांचे पूर्वीचे मत चुकले होते. त्या कबुलीत प्रामाणिकपणा आहे. पण दोष सगळा माध्यमाच्या माथी मारणे मला पटत नाही. जो ‘आपण’ खालिदच्या मृत्यूवर उभा राहिला त्याच्यापाशी ‘पोलिसांनी मारू नये’ एवढे एकच वाक्य होते. संविधान कसे असावे, जमीन व मजुरी यांचे काय, याविषयी त्याच्याजवळ दुसरे वाक्य नव्हते, आणि ते बनवण्याइतका अवधी कोणी दिला नाही.

राज्यकर्ते मात्र लवकर शिकले. लष्करी मंडळाने फेब्रुवारी २०११ मध्येच फेसबुकवर आपले पान उघडून तेथून निवेदने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जुलै २०१३ मध्ये लष्कराने निर्वाचित राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांना दूर सारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निदर्शनांवर कठोर निर्बंध घालणारा कायदा आला. २०१८ च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक अनुयायी असलेले वैयक्तिक खातेही वृत्तमाध्यमाच्या नियमनाखाली आणले. खालिद सईदला मारणाऱ्या दोघा पोलिसांना ऑक्टोबर २०११ मध्ये प्रत्येकी सात वर्षांची शिक्षा झाली होती. मार्च २०१४ मध्ये फेरसुनावणीत ती दहा वर्षांची करण्यात आली. तोवर त्याच्यासाठी किनाऱ्यावर निःशब्द उभे राहणे नव्या कायद्याने पुन्हा गुन्हा झाले होते.