चौथ्या क्रमांकाचा नेव्हिल

खानदेशात खेळाचा विषय निघाला, की गप्पा क्रिकेटवर येतात आणि फार तर कुस्तीपर्यंत जातात. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये भारत एकदा उपांत्य फेरीत पोहोचला होता, असे जळगाव-धुळ्याच्या तरुणांना मी सांगतो, तेव्हा त्यांना ती थट्टा वाटते. पण तसे घडले होते, १९५६ साली, मेलबर्नला. त्यात सर्वांत मोठा वाटा होता मुंबईच्या नेव्हिल डिसोझा याचा.

फुटबॉल आपल्याकडे गोऱ्या पलटणींबरोबर आला. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला. तो पहिल्यांदा जिंकला रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स या स्कॉटिश पलटणीने. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक आला. तिकडे स्कॉटलंडने १८९३ मध्ये पैसे घेऊन खेळायला रीतसर मान्यता दिली. तिथल्या खेळाडूचे पोट खेळावर चालू लागले. आपले खेळाडू मात्र नोकरी सांभाळून खेळत राहिले. १९३२ साली जन्मलेला, मूळ गोव्याच्या घरातला नेव्हिलही टाटांच्या आणि पुढे कॅल्टेक्सच्या संघातून खेळला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले होते. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले. चार वर्षांनी पायांत बूट आले. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळ पेशाने शिक्षक. उठावाने होरपळलेल्या हंगेरीने माघार घेतली आणि पहिली फेरी न खेळताच पार झाली. १ डिसेंबरला गाठ पडली ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच मैदानावर. भारत ४-२ असा जिंकला. त्यांतले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोलच नाही. मग नेव्हिलने गोल केला आणि भारत आघाडीवर गेला! ती आघाडी काही मिनिटेच टिकली. सामना १-४ असा गेला. कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडूनही आपण ०-३ असे हरलो. चार गोल करणारा नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता.

पण संघ चौथा आला. चौथ्याला पदक नसते. त्याच मेलबर्नमधले हॉकीचे सुवर्ण आपल्या लक्षात राहिले, हा चौथा क्रमांक विसरला गेला. १९८० साली नेव्हिल गेला, वय अवघे ४७. २०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला, तेव्हा कुठे अनेकांना रहीमसाहेबांचे नाव कळले.

मी कविता लिहिणारा माणूस, आकड्यांचा नाही. तरीही हे विसरणे मला टोचते. भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये शेवटचा खेळला तो १९६० साली, रोमला. आज आपल्या गावचा मुलगा टीव्हीवर युरोपचे सामने पाहतो, तिथल्या खेळाडूंची नावे पाठ म्हणतो. हा खेळ परक्यांचा, आपण फक्त बघायचे, हे त्याने मनोमन मान्य केलेले असते. त्याला कोणीतरी नेव्हिलबद्दल सांगायला हवे. पूर्वी कोणी तिथवर पोहोचले होते हे ठाऊक असले, की निघायला बळ येते.