तोतया आणि मोर्तब

दुसऱ्याचे नाव धारण करून त्याचे धन वा अधिकार हिरावून घेणे, या कृत्याला मराठीत 'तोतयेगिरी' ही संज्ञा रूढ आहे. आजच्या कायद्याची मराठीही तीच वापरते. या शब्दामागे मराठ्यांच्या इतिहासातील जे प्रकरण उभे आहे, त्यावरून माणसाची ओळख नेमकी कोठे चोरीला जाते, हे कळते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीचा संशय पुण्यात निमाला नाही. पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य मानले नाही. त्या १७८३ मध्ये निवर्तल्या. या संदिग्धतेचा लाभ घेऊन सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'आपणच भाऊ' म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत चौकशी होऊन तो खोटा ठरला व कैदेत पडला. प्रकरण तेथेच संपावयाचे. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला मुक्त केले. पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर महादजी शिंदे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला, राघोजी आंग्रे यांनी त्याला पकडले, आणि पुण्यास पुन्हा चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मूळ माणूस नाहीसा झाल्याचे निर्विवादपणे जाहीर न झाल्यामुळे त्याची जागा रिकामी राहिली. आणि तोतयाला बळ आले, ते त्याच्या रूपसाम्यामुळे नव्हे, तर ज्याच्यावर पहाऱ्याची जबाबदारी होती त्यानेच साक्ष दिल्यामुळे.

मराठी दप्तराने या धोक्यावर आपल्या परीने उपाय योजिला होता. शिवकालीन पत्राच्या शिरोभागी मुद्रा असे. परंतु मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तबाचा शिक्का उमटविला जाई. येथून पुढे एक अक्षरही वाढविता येऊ नये, हा त्याचा अर्थ. कागदाला कागद जोडला असल्यास पाठीमागे सांध्यावरही शिक्का पडे. म्हणजे लेखाचे रक्षण तो लपवून नव्हे, तर त्याची सीमा आखून केले जाई.

गावगाड्यातील रीत याहून वेगळी होती. परांडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावी ओळख चेहरा, कूळ व शेजार यांवर उभी असे. महजरावर कुणबी नांगराची निशाणी करी. अशी निशाणी कोणालाही काढता येई. तिचे बळ रेघांत नव्हते, भोवती बसलेल्या गोतात होते.

आज त्याच सोनारीच्या खातेदाराची ओळख गोताबाहेर गेली आहे. आधार क्रमांकाचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून सुरू झाले. आता क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक मिळून माणूस सिद्ध होतो. त्याला चेहऱ्याने ओळखणारे कोणी तेथे नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने दुसऱ्याची ओळखचिन्हे लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. पण शिक्षा ही चोरीनंतरची गोष्ट होय.

चोरीपूर्वीचा उपाय मात्र जुन्या दप्तरात सापडतो. आधारपत्राची छायाप्रत देताना तिच्यावर आडवे लिहावे : कोणास, कशासाठी, कोणत्या तारखेस दिली. हेच आपले मोर्तब. अंगठ्याचे ठसे वापरात नसतील तेव्हा कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे; ती वापरावी. संकेतांक मागणारा अधिकारी म्हणवीत असला तरी तो देऊ नये. रत्नागिरीचा सुभेदारही अधिकारीच होता. आणि पत्र वा सिमकार्ड हरवले, तर ते हरवल्याचे त्याच दिवशी नोंदवावे. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पानिपतानंतर जी जागा पंधरा वर्षे संशयात रिकामी राहिली, तशी आपल्या नावाची जागा एक दिवसही रिकामी राहू नये.