तळटीप ७ : युफोर्बिया मिली

७. ‘बूर्बोंच्या गव्हर्नरांनी धाडलेले काटेरी झुडूप’ : मादागास्करच्या मुलखात, जेथे माती नाममात्र व पर्जन्यकाळ सरताच दीर्घ अवर्षण, अशा उघड्या खडकांच्या फटींत स्वभावतः वाढणारे, मांसल खोडात जलसंचय करून कोरड्या ऋतूत पाने गाळणारे, हात-दोन हात उंचीचे युफोर्बिया मिली हे क्षुप येथे अभिप्रेत आहे. बूर्बों, म्हणजे आजचे रेयुनियाँ, या बेटावरील फ्रेंच अंमलाचे प्रमुख बॅरन मिलियूस यांनी १८२१ मध्ये त्याची फ्रान्सला रवानगी केली; १८२६ मध्ये दे मूलँ यांनी शास्त्रीय वर्णन करून मिलियूस यांचेच नाव त्यास दिले. लेखकाने वर्णिलेल्या ‘तांबड्या पाकळ्या’ वस्तुतः सूक्ष्म पुष्पसमूहाखालील छदे होत. चीक दाहक व विषारी असतो. —संपा.