पी ००८७: लॉस एंजेलिसच्या धुरातून कुरखेड्याच्या गॅरेजात

आजची गोष्ट एका पिवळ्या दिव्याची आहे. गाडीच्या मीटरवर इंजिनाच्या आकाराचा छोटा दिवा असतो ना, चेक इंजिनचा, तोच. तुमची बाईक २०२० नंतरची असेल तर तिच्यावरही आहे. चावी फिरवून बघा एकदा.

मी हा दिवा पहिल्यांदा नीट पाहिला तो आमच्या कुरखेड्यात. काकांची पिकअप सिमेंटची पोती घेऊन कोरचीकडे निघाली होती. बेडगावच्या घाटात चढ लागला आणि गाडीनं दम सोडला. दिवा लागला, पिकअप गेला. बंद करून पुन्हा चालू केली तर सपाट रस्त्यावर ठीक चालायची, चढावर पुन्हा तेच. काकांनी ती लांबच्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ००८७. लगेच सांगितलं, हाय प्रेशर पंप गेला, चाळीस हजारांच्या पुढे खर्च येईल. धान मळायचे दिवस, गाडीचा हप्ता डोक्यावर. काका गाडी तशीच परत घेऊन आले.

पुढं काय झालं ते सांगतो. पण त्याआधी हा कोड आला कुठून, ते बघू. कारण ते कळलं की वर्कशॉपची चूक आपोआप कळते.

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये. १९४०च्या दशकात त्या शहरावर डोळे झोंबवणारा धुरकट थर साचायला लागला. आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तिथं अननसाच्या वासावर संशोधन करत होते. ते या धुराकडे वळले आणि त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांतून निघणारे वायू उन्हात एकमेकांशी मिसळून हा त्रास तयार होतो. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियानं हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं आणि हेच हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

नियम कडक झाले. १९७५च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. आता कन्व्हर्टरनं तिन्ही विषारी वायू एकदम साफ करायचे, तर १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत सांभाळावं लागतं. कार्बोरेटरच्या स्क्रूनं ते जमत नाही. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला, १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत. आणि सेन्सरचं ऐकून क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करायला कॉम्प्युटर आला. त्यालाच आपण ईसीएम म्हणतो.

हा कॉम्प्युटर सेन्सरवर नजर ठेवून असायचा. रीडिंग पटलं नाही की आकडा लिहून ठेवायचा. १९८०च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत तर कनेक्टरच्या दोन पिना तारेनं जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा, म्हणजे कोड १२. मेकॅनिक वहीत मोजून लिहायचे.

अडचण अशी की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. कॅलिफोर्नियानं १९८८च्या मॉडेलांपासून ही स्वतःची तपासणी सक्तीची केली, तरी कनेक्टर वेगळे, कोड वेगळे. खरा बदल १९९६ मध्ये झाला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एकच १६ पिनांचा सॉकेट आणि एकच कोडभाषा. ओबीडी टू म्हणतात ते हेच.

भाषा सोपी आहे, लक्षात ठेवा. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक, १ असेल तर त्या कंपनीचा खासगी. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, मग गाडी कुठलीही असो.

आता आपल्याकडे या. भारतात २०१० मध्ये बीएस फोर आलं, पण आधी फक्त निवडक मोठ्या शहरांत. त्यात मुंबई, पुण्यासोबत आपलं सोलापूरही होतं. गडचिरोली नव्हतं. कारण डिझेलमधलं गंधक. बीएस थ्रीच्या डिझेलमध्ये १० लाखांत ३५० भाग गंधक चालायचं, बीएस फोरला ५०च्या आत हवं. गंधक कन्व्हर्टरला बाद करतं, आणि एवढं स्वच्छ इंधन एकदम सगळ्या देशाला पुरवणं रिफायनऱ्यांना जमणारं नव्हतं. त्या बीएस फोर गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा २०१० पासून आणि दुसरा २०१३ पासून लागू झाला. सगळ्या देशाला बीएस फोर सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ला. आठवतं का, त्याआधी तीन दिवस सुप्रीम कोर्टानं बीएस थ्रीची विक्री थांबवली आणि शोरूमवर सवलतीसाठी झुंबड उडाली? तेच ते.

म्हणजे सोलापूरला जो नियम २०१० मध्ये लागला, तो कुरखेड्याला लागायला सात वर्षं गेली. त्याआधीही काही गाड्यांत कॉम्प्युटर होता, नाही असं नाही. पण आमच्या रस्त्यांवर चालायच्या त्या बहुतेक मेकॅनिकल पंपाच्या डिझेल जीपा. आमचे मिस्त्री कानानं आणि डोळ्यानं इंजिन ओळखायचे. काळा धूर, डिझेल जास्त. निळा धूर, ऑईल जळतंय. मग एकदम स्कॅनरवाल्या गाड्या आल्या आणि लोक म्हणायला लागले, आता गावातल्या मिस्त्रीचं काम संपलं.

संपलं नव्हतं. काकांनी गाडी नेली ती अशाच एका जुन्या मिस्त्रीकडे. त्यांनी सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा ब्लूटूथ अडॅप्टर लावला आणि मोबाईलवर ॲप उघडलं. कोड तोच, पी ००८७. मी म्हटलं, "म्हणजे पंपच ना?" तर ते हसले.

"बाबू, यानं पंप खराब हाये असं कुठं म्हटलं? रेलमधी प्रेशर कमी हाये एवढंच सांगते. काऊन कमी हाये, ते आपून पाहाचं."

मग त्यांनी फ्रीझ फ्रेम काढली. कोड पडला त्या क्षणाची नोंद कॉम्प्युटर जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन गरम, आरपीएम चढलेले, लोड भरपूर. म्हणजे घाटातलाच क्षण. नंतर रिकामी गाडी जागेवर चालू ठेवून प्रेशर पाहिलं, बरोबर होतं. कॉमन रेलमध्ये डिझेल १,००० बारच्याही वर दाबलं जातं, कारच्या टायरमध्ये असतात साधारण २ बार. एवढ्या दाबाला चढावर डिझेलही भरपूर लागतं. ते पंपापर्यंत पोचतच नसेल, तर पंप दाबणार काय?

त्यांनी फिल्टर खोलला. खाली पाणी आणि काळा गाळ. काकांनी मागं एकदा, पंप दूर म्हणून रस्त्याच्या कडेला ड्रममधलं डिझेल भरलं होतं. नवा फिल्टर बसला, टाकी साफ झाली, लाईनमधली हवा काढली. मग पोती भरून घाटात नेली, मोबाईल चालूच. प्रेशर पडलं नाही. खर्च दोन हजारांच्या आत.

आता वर्कशॉपची चूक कुठं झाली ते बघा. हा कोड बनवला गेला धूर वाढतोय का, हे पकडायला. कुठला पार्ट बदलायचा हे सांगायला तो बनवलेलाच नाही. कॉम्प्युटर फक्त तक्रार नोंदवतो. तपास माणसानंच करायचा असतो, आणि तो करायला जुना अनुभव लागतोच.

एक काळजीची गोष्टही सांगतो. सामाईक कोड सगळ्यांना वाचता येतात, पण बीएस सिक्सच्या गाड्यांत बरीच कामं कंपनीच्याच सॉफ्टवेअरशिवाय होत नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ मध्ये बाहेरच्या गॅरेजांनाही ही माहिती मिळावी असा कायदा केला. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात गाड्याही आहेत. शहरात हा चर्चेचा विषय असेल. इथून नागपूर तीन-चार तासांवर आहे, त्यामुळे आमच्यासाठी हा गाडी धंद्यावर राहते की अंगणात उभी राहते, याचा प्रश्न आहे.

तर दिवा लागला की एवढं करा. पूर्ण कोड लिहून घ्या. लगेच डिलीट मारू नका, त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. पार्ट बदला म्हणाले तर विचारा, कुठली टेस्ट करून ठरवलं? आणि पेट्रोल गाडीत दिवा लुकलुकत असेल तर ताणू नका, मिसफायरमुळे कन्व्हर्टर जळू शकतो.

तुमच्या गावच्या मिस्त्रीनं असा कुठला कोड सोडवला असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.