कोडदर-अनुकूलन

अंकीय संदेशवहनात माहितीच्या रक्षणासाठी किती जादा बिट पाठवायचे, हे सिग्नलची स्थिती पाहून घडोघडी बदलत राहण्याची रीत. मूळ माहितीचे बिट आणि प्रत्यक्ष पाठवलेले एकूण बिट यांच्या गुणोत्तराला कोडदर म्हणतात. दर ३/४ असेल तर तीन बिटांच्या माहितीसाठी चार बिट जातात. तो १ कडे सरकला की वेग वाढतो, पण चूक दुरुस्त करण्याची ताकद घटते. १/३ वर आणला की क्षीण सिग्नलातूनही संदेश शाबूत निघतो, मात्र सावकाश.

फोनवर आवाज स्वच्छ असेल तर ‘बेल्लमपल्ली’ एकदा म्हटले की पुरते. खरखर सुरू झाली की पलीकडून “काय? काय म्हणालात?” येते आणि आपण “ब बदकाचा, ल लसणाचा” अशी फोड करू लागतो. शब्द तोच, अक्षरे मात्र कितीतरी जास्त. यातला “काय?” फार मोलाचा आहे. ऐकणाऱ्याकडून असा प्रतिसाद आल्याशिवाय बोलणाऱ्याने किती फोड करावी हे ठरवता येत नाही, आणि कोडदर-अनुकूलनाची सारी यंत्रणा अशाच प्रतिसादावर उभी आहे.

बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा-पट्ट्यातले गाव, पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात, २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात. बल्लारशाहहून काझीपेठकडे निघालेली गाडी वर्धा नदी ओलांडते, महाराष्ट्र सोडते आणि सिरपूर कागजनगरमार्गे इथे पोहोचते. डब्यात बसलेल्याच्या हातातला ४जी फोन वाटेत सतत टॉवरला कळवत असतो की त्याला सिग्नल कसा ऐकू येतो आहे. या कळवण्याचे १५ स्तर आहेत. सर्वांत खालच्या स्तरावर कोडदर ७८/१०२४, म्हणजे एका बिटाच्या माहितीमागे सुमारे तेरा बिट. पंधराव्या स्तरावर तो ९४८/१०२४, म्हणजे रक्षण जवळजवळ नाहीच. दरासोबत मॉड्युलेशनही बदलते: खाली एका स्पंदात दोन बिट, वर सहा. दोन्ही मिळून वेगात छत्तीसपटीहून अधिक फरक पडतो. स्टेशनात टॉवरजवळ झरझर चाललेला व्हिडिओ गाव मागे पडताच रखडतो, त्याचे एक मोठे कारण हे.

खरी अडचण गाडीच्या वेगाची. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. १,८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर. झाडे, डबे, इमारती यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि अर्ध्या लहरीच्या अंतरात सिग्नल चढू-उतरू शकतो. हे अंतर गाडी सुमारे तीन मिलिसेकंदांत कापते. फोनचा अहवाल टॉवरकडे जाऊन त्यावर कृती होईपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो, म्हणजे टॉवरच्या हाती येते ती शिळी बातमी. म्हणून टॉवर सरासरीवर भिस्त ठेवतो. बिटांचा दहातला एखादा गठ्ठा फसला तरी चालेल, अशा हिशेबाने दर निवडतो आणि फसण्याचे प्रमाण वाढले की हात आखडता घेतो. दहात एक चूक मान्य करणे निष्काळजीपणाचे वाटेल, पण प्रत्येक गठ्ठा पहिल्याच फेरीत पोहोचवायचा हट्ट धरला तर रक्षणावर त्याहून अधिक वेळ खर्ची पडतो.

फसलेला गठ्ठाही वाया जात नाही. ४जीतला टर्बो कोड मुळात १/३ दराचा असतो. त्यातले काही बिट गाळून वरचे दर मिळवतात. गठ्ठा ३/४ दराने पाठवला आणि फोनला तो उलगडला नाही, तर टॉवर आधी गाळलेल्या बिटांतले तितकेच नवे बिट पाठवतो. फोनने जुने बिट जपून ठेवलेले असतात. दोन्ही जोडल्यावर दर आपोआप ३/८ होतो. ही थोडे थोडे रक्षण वाढवण्याची कल्पना डेव्हिड मँडलबाउम यांनी १९७४ मध्ये मांडली. एकाच मूळ कोडातून बिट गाळून दरांची अख्खी मालिका काढण्याची पद्धत योआखिम हागेनाउअर यांनी १९८८ च्या निबंधात व्यवस्थित बांधली. टर्बो कोड १९९३ चा. ५जीने माहितीसाठी त्याच्या जागी रॉबर्ट गॅलेगर यांचा, मूळचा १९६० च्या दशकातला, एलडीपीसी कोड घेतला.

दर बदलणे २जीच्या काळातही थोड्या प्रमाणात होते. जीएसएमच्या पूर्ण-दर वाहिनीत सेकंदाला २२.८ किलोबिटांची जागा ठरलेली असे. सिग्नल चांगला असताना आवाजाला १२.२ किलोबिट मिळत. बिघडला की आवाज ४.७५ पर्यंत आवळून उरलेली बहुतेक जागा रक्षणाला दिली जाई. आवाज जाड होई, पण शब्द कळत.

पावसाळ्यात दुसरे उदाहरण दिसते. मुसळधार सरीत छपरावरच्या डीटीएचचे चित्र गोठते, कारण सुमारे १२ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. डीटीएच प्रसारण सर्वांना एकच असते. एका गावात पाऊस आहे म्हणून साऱ्या देशाचा दर उतरवता येत नाही, आणि छपरावरची तबकडी उपग्रहाला “काय?” असे विचारूही शकत नाही. दुतर्फा चालणाऱ्या व्हीसॅट या लहान उपग्रह-केंद्राला ते जमते. डीव्हीबी-एस२ या उपग्रह-संदेशवहनाच्या मानकात १/४ पासून ९/१० पर्यंत अकरा दर आहेत. दर आणि मॉड्युलेशन यांच्या सर्वांत सावध जोडीला सिग्नल गोंगाटाच्या सहा-दशांशाहून किंचित कमी असला तरी भागते. सर्वांत वेगवान जोडीला तो गोंगाटाच्या चाळीसपट लागतो. प्रत्येक चौकटीच्या आरंभी ती कोणत्या दराने बांधली आहे हे लिहिलेले असते. ही सात बिटांची चिठ्ठी ६४ बिटांत गुंडाळून पाठवतात, कारण तीच वाचता आली नाही तर पुढचे सगळे निरर्थक.

मोबाइल टॉवरच्या दृष्टीने दर उतरवण्यात एक अन्याय आहे. त्याच्या हद्दीच्या कडेला बसलेल्या ग्राहकाला तेवढीच माहिती देण्यासाठी टॉवरचा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ इतरांच्या वाट्यातून जातो. म्हणून गावांमधल्या विरळ पट्ट्यात केवळ दर उतरवून काम भागवणे हा अपुरा उपाय आहे. ७८/१०२४ च्या दरालाही पुरणार नाही इतका सिग्नल क्षीण झाला, तर तिथे जवळ नवा टॉवरच उभारावा लागतो.