चिकटलेल्या फिती आणि अभिलेखांचा कायदा

अभिलेखाचे जतन म्हणजे तो नोंदवून, बांधून कुलुपात ठेवणे, अशी आपल्या प्रशासनाची परंपरागत समजूत आहे. कागदाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी ठरते. ध्वनिफितीच्या बाबतीत मात्र ती घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन यंत्र लोकांसमोर आले. त्याची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर बंधकद्रव्याने बसवलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. जुन्या पट्ट्या अॅसिटेटच्या असत. त्या बिघडल्या की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पुढे पॉलिएस्टरची पट्टी आली आणि १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनचे नवे बंधकद्रव्य. गंमत अशी, की या सुधारलेल्या फितींपैकी पुष्कळ, विशेषतः अँपेक्सच्या ४०६ व ४५६ क्रमांकांच्या, आधीच्या फितींहून लवकर बिघडल्या. बंधकद्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट होते. फीत वाजवू जाता ती किंचाळते, हेडवर तपकिरी भुकटी साचते, आणि ध्वनी असतो तो त्या भुकटीतच! आपल्या पावसाळ्यात बंद कपाटातील रिळांचे काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

यावरचा उपाय फीत शेकण्याचा. सुमारे ५४ अंश सेल्सिअसवर काही तास ठेवल्यास ती पुन्हा वाजू लागते. या कृतीचे पेटंट १९९३ साली अँपेक्सलाच मिळाले. (स्वतःच्याच फिती शेकण्याचे पेटंट! असो.) अॅसिटेटची फीत मात्र शेकू नये; रीळ उजेडासमोर धरल्यास तिच्यातून प्रकाश आरपार दिसतो, ही तिची खूण. शिवाय शेकलेली फीत कायमची बरी होत नाही. काही आठवड्यांत ती पुन्हा चिकटू लागते, आणि तेवढ्या मुदतीत तिची डिजिटल प्रत काढावी लागते. म्हणजे येथे प्रत काढणे हेच जतन.

त्याच १९९३ सालच्या आपल्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाच्या व्याख्येत दस्तऐवज, हस्तलिखित, संचिका, मायक्रोफिल्म यांचा नामनिर्देश आहे, ध्वनिफितीचा नाही. 'अन्य उपकरणाने निर्माण केलेली सामग्री' यात ती बसवता येते. पण ज्या वस्तूचे कायद्यात नाव नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मिळवणे किती कठीण, हे शासकीय सेवेतील वाचक जाणतात. इच्छा असल्यास काम होते, हेही खरे. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील दृक्-श्राव्य अभिलेखागाराला २०१७ मध्ये विश्वासार्ह डिजिटल भांडार म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

२०२५ च्या सुमारास फिती वाजवणारी चालू यंत्रे मिळेनाशी होतील, असा इशारा युनेस्को व ध्वनिअभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये दिला होता. आपल्या कार्यालयांत जुना टेपरेकॉर्डर जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित होऊन लिलावात जातो, आणि फिती कपाटातच राहतात.