श्रीरामपूरची आग

हार्डडिस्क उडाली की आपल्याला देव आठवतो. विल्यम कॅरीच्या काळी बॅकअप हा प्रकारच नव्हता!

11 मार्च 1812. बंगालमधलं श्रीरामपूर (आपलं नगरकडचं नव्हे). मिशनच्या छापखान्याला आग लागली. कागद, अनेक लिप्यांचे खिळे, हस्तलिखितं, कॅरीचा बहुभाषी शब्दकोश... सगळं खाक. मराठीचं व्याकरण 1805 साली छापणारा तो हाच कॅरी.

यातही देवाचा हेतू आहे, असं तो मानायचा. वाचून मी जरा वैतागलोच. छोटा पीटर 1794 मध्ये गेला. पुढे बायको डोरोथीला मानसिक आजाराने ग्रासलं, 1807 मध्ये तीही गेली. यात कसला आलाय हेतू?

पण आगीतून कॅरीने एवढंच घेतलं, की आता देवावर आणखी साधेपणाने विसंबायचं. आणि मंडळी कामाला लागली. राखेत अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूतून वॉर्ड या सहकाऱ्याने नवे खिळे ओतवून घेतले, छपाई पुन्हा सुरू झाली. शब्दकोश मात्र गेला तो गेलाच.

मला पटतो तो हा कॅरी. काय गेलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसला.